रोज एक वस्तू घराबाहेर

दारव्हा, ४ डिसेंबर २००६

प्राचीस,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. या घरात जायला आता मी एकटीच उरले आहे, आणि मी तर लिहिते आहे.

तुला परत बोलावण्यासाठी हे पत्र नाही, हे आधीच सांगते. अडीच वर्षांत जे बोलले नाही ते आता बोलणार आहे असंही नाही. कामाचं पत्र आहे. तुझ्या वस्तू इथे पडून आहेत. त्या नेणार आहेस की मी देऊन टाकू, एवढंच कळव.

आजच कसं सुचलं म्हणशील. तर मी योगा करते. हस. गुडघ्यांनी जीव नको केला होता, शेजारच्या मैनाबाईनं दंडाला धरून नेलं. चौकातल्या मंगल कार्यालयात रोज सकाळी सहाला वर्ग असतो. शिकवणारी मोनाली नावाची पंचविशीतली मुलगी आहे, अमरावतीला शिकून आलेली. पहिल्या दिवशी मी तिचं आडनाव विचारलं, तर म्हणाली, "काकू, चपला आणि आडनाव, दोन्ही दाराबाहेर काढून ठेवायचं." आगाऊ आहे, पण शिकवते बरी.

तिचं म्हणणं असं की अंगात साठतं, मनात साठतं, आणि ते घरात डोळ्यांना दिसतं. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा आणि घरी गेल्यावर रोज एक वस्तू घराबाहेर काढायची. एकच, पण रोज. माळ्यावर ढकललेली धरत नाही ती. ज्याच्या कामाची असेल त्याला द्यायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगायचं, काल काय काढलं. मैनाबाईनं पहिल्या दिवशी नवऱ्याची तंबाखूची डबी काढली. घरी जे झालं ते भिंतीतून मला ऐकू आलं.

माझ्या घरातून काही काढायचं तर आधी आत शिरता आलं पाहिजे. तुझ्या देवराव मामानं गेल्या वर्षीसारख्याच यंदाही पुढच्या दोन्ही खोल्या कापसानं भरून ठेवल्या आहेत. भाव पडलेला, त्याच्या गावच्या घरी जागा नाही, आणि माझं घर मार्केटजवळ. "ताई, भाव चढला का नेतो," म्हणून गेला तो गेलाच. पंख्याच्या पात्यापर्यंत ढीग लागला आहे. मी मागच्या दारानं ये-जा करते. अंगाला खाज सुटते, केसांत कापूस, वरणात कापूस. ताडासन करायला हात वर केले की बोटं कापसात जातात.

तर तुझ्या वस्तू. कॉलेजची पुस्तकं. तुझी सायकल. रुखवतासाठी घेतलेली स्टीलची भांडी, अजून कागदात गुंडाळलेली. आणि दिवाणाखाली ती दोन पोती. तुला आठवत असेल, मामाच्या शेतात पहिल्या वेचणीच्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात, त्या दिवशीचा ओटीभर कापूस मी दर वर्षी तुझ्यासाठी घेऊन यायची. तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून. तुझ्या लग्नात गादी भरायची म्हणून. लग्न माझ्याविना झालं, कापूस राहिला.

कपाटावर एक डबा आहे, तो यादीत धरू नकोस. त्याचं मी पाहीन.

आई


दारव्हा, १९ डिसेंबर २००६

प्राचीस,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मीही दिलं नसतं.

मग मी सुरुवात केली. पुस्तकं वाचनालयाला दिली. सायकल दूधवाल्याच्या मुलीला दिली, ती शाळेत जाताना आता आपल्याच दारावरून घंटी वाजवत जाते. बाबांचे सदरे दिले. छत्री दिली. त्यांचा चष्मा मात्र तीन दिवस हातात घेऊन फिरले, कोणाच्या डोळ्याला चालणार? शेवटी घरातच राहिला. मोनालीला खोटं सांगितलं की काढला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, खोटं पण मोजावं लागतं बरं का." ही पोरगी जाईल तिथे सासूला पुरून उरेल.

भांडी मैनाबाईच्या भाचीच्या लग्नात दिली. तुला पाठवणार होते, पण म्हटलं, तुझ्या सासरी कशाला हवेत एवढे डबे, त्या लोकांच्या घरी ठेवायला मांडणी तरी असेल का. रागावू नकोस, जे मनात आलं ते लिहिलं. मनात साठवायचं नाही असं आमच्या बाई सांगतात.

स्वयंपाकघरातही हात घातला. तडा गेलेल्या बरण्या, झाकण नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं, सगळं गेलं. खिडकीतला तो टवका उडालेला कप तेवढा ठेवला. कामाला येणाऱ्या बायकांना चहा द्यायला एक वेगळा लागतोच.

अंगाचं म्हणशील तर गुडघे बरे आहेत. गेल्या रविवारी जलनेती केली. एका नाकपुडीतून पाणी घालायचं, दुसरीतून काढायचं. माझं कानात गेलं. दोन दिवस विहिरीत बसल्यासारखं ऐकू येत होतं, पण कापसाची शिंक थांबली. वाकता येतं, वळता येतं. येत नाही ते एकच, बसणं. सगळ्या बायका डोळे मिटून मांडी घालून पंधरा-पंधरा मिनिटं बसतात. मी दोन मिनिटांत उठते. कधी दूध आठवतं, कधी दाराची कडी. काल मोनालीनं विचारलं, "काकू, तुम्हाला नेमकं काय आठवतं हो?" मी म्हटलं, दूध.

दूध नसतं. जाऊ दे.

परवा मैनाबाई आली होती. झाडू घेऊन माझ्या कपाटावर चढली आणि तो डबा खाली काढायला लागली. मी तिच्या अंगावर ओरडले. बिचारी खुर्चीवर तशीच उभी राहिली, झाडू हातात. "कायले वरडता काकू, डबाच तर हाय," म्हणाली. आता दोन दिवस झाले, ती वर्गाला माझ्याआधी निघून जाते.

आई


दारव्हा, ३ जानेवारी २००७

प्राचीस,

मी घोळ करून ठेवला आहे. साधासुधा नाही. तुझा मामा माझ्याशी बोलत नाही आणि ह्या खेपेला त्याचं खरं आहे.

झालं असं. भाव जरासा हलला म्हणून परवा सकाळी मामा मेटॅडोर घेऊन आला. माणसं ढिगावर चढून कापूस गाडीत लोटू लागली. दहा वाजेपर्यंत एक खोली मोकळी. फरशी दिसली, बाबांची खुर्ची दिसली. प्राची, कापूस भरल्यापासून पहिल्यांदा मला त्या खोलीत खिडकीतून उजेड आलेला दिसला. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्या दिवशीची वस्तू काढायची राहिली होती. मामा बाहेर पान खात होता. मी दिवाणाखालून तुझी दोन्ही पोती ओढली आणि उरलेल्या ढिगावर उपडी केली. कापसात कापूस. काय कळणार आहे? एका दिवसात दोन वस्तू निघाल्या म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. हातानं खालीवर केलं आणि माणसांना म्हटलं, घ्या.

सतरा वर्षांचा कापूस होता तो. पांढरा कुठला राहायला! खालचा तर हळदीच्या रंगाचा झालेला. मार्केटात गाडी लागली, तिथल्या माणसानं मधोमध हात घातला, आणि बाहेर काढला तो पिवळा पुंजका. म्हणाला, कवडी, म्हणजे खराब पिवळा कापूस, मिसळून आणली, सगळ्या गाडीला हलका दर्जा लावीन नाहीतर परत न्या. चार लोकांत मामाला भेसळीचं बोलला. माझ्या भावाला! तो चाळीस वर्षं कापूस पिकवतो, झाडावरून वेचतानासुद्धा किडकं बोंड वेगळ्या ओटीत टाकायला लावतो.

गाडी परत आली. माणसांनी सगळा कापूस पुन्हा त्याच खोलीत ओतला. मामा दारात उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "ताई, काहून केलं असं? मले सांगतलं असतं त म्या तो जुना कापूस येगळा नेला असता ना." मी म्हटलं, घर मोकळं करायचं होतं. तो म्हणाला, "माह्या कापसानं?"

आता तो पिवळा पुंजका-पुंजका हातानं वेगळा काढल्याशिवाय माल उचलला जायचा नाही. मामाची माणसं दुसऱ्या वेचणीत अडकली आहेत. मी काल दिवसभर एकटी बसून निवडला. कोपऱ्यातला टोपलीभर झाला. बाबांची खुर्ची पुन्हा गडप झाली.

तुझा कापूस मी विचारल्याशिवाय टाकला, हे मामाला सांगायची हिंमत झाली नाही. तो समजतो, जुनी उशी-बिशी होती. तुला सांगते.

आई


दारव्हा, १० जानेवारी २००७

प्राची,

आज हात एवढे दुखत आहेत की अक्षर वाकडं येईल. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी तीन दिवस वर्गाला गेले नाही, तर चौथ्या दिवशी वर्गच माझ्याकडे आला. सकाळी सहाला मागच्या दारात अकरा बायका, पुढे मोनाली. "काकू, आजपासून वर्ग अठीच. सुखासनात बसा, पाठ सरळ, आणि पिवळा डावीकडे, पांढरा उजवीकडे." मैनाबाईसुद्धा आली, माझ्याकडे न बघता बसली. अर्ध्या तासानं तिनं तिच्या चटईचा कोपरा माझ्याकडे सरकवला, म्हणजे राग गेला.

श्वास घेताना उचलायचं, सोडताना टाकायचं, असं मोनालीनं लावून दिलं. पहिली दहा मिनिटं सगळ्या हसत होत्या. मग नुसते हात चालू राहिले. मी घड्याळ पाहिलं तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती आणि मी उठले नव्हते. हातात काम होतं म्हणून असेल.

सोमवारपासून आणखी एक बाई येते आहे. साठीची, सावळी, उंच, खणखणीत आवाजाची. दारात येऊन म्हणाली, "कापूस निवडाचा हाय म्हने अठी." मला वाटलं मोनालीनं पाठवली, मोनालीला वाटलं मी बोलावली. नाव विचारलं तर "मावशी म्हना," म्हणाली. स्टँडच्या पलीकडे भाचीकडे उतरली आहे. प्राची, तिचा हात बघायला हवा होतास. आम्ही डोळ्यांनी निवडतो, ती बोटांनी निवडते. जुना कापूस हाताला सपक लागतो म्हणे, नवा जरा फुगून हातात येतो. आम्ही अकरा जणींनी दोन दिवसांत जेवढं केलं तेवढं तिनं एकटीनं केलं.

मजुरी काय घेणार विचारलं, तर नुसती हसली. चहा दिला. खाली बसून चहा प्यायली, नळावर कप धुतला आणि ठेवून दिला. बोलते कमी, पण मधेच एखादं असं विचारते की माणूस गडबडतो. आज म्हणाली, "एवढे साल पोरीसाठी कापूस जमवला, मंग तिले देल्ला काहून नाही?" मी म्हटलं, ती नेईल तेव्हा ना. तर म्हणाली, "पोरगी न्यायले आलती का नाही कधी?"

मी उठून दूध बघायला गेले. खरंच गेले, चूल बंद होती.

उद्या-परवा संपेल. वेगळा काढलेला पिवळा कापूस एक पोतं भरून निघाला आहे. मावशी म्हणाली, "हा म्या नेऊ का?" मी म्हटलं, न्या बाई, तुम्हाला उपयोग असेल तर. वाती होतील, उशी होईल. माझ्या घरातून गेला म्हणजे झालं.

आई


दारव्हा, १३ जानेवारी २००७

प्राची,

काल दुपारी मामा गाडी घेऊन आला. कापूस बघून त्याचा चेहरा उजळला, दोन्ही हातांनी उचलून नाकाशी धरला त्यानं. तेवढ्यात मावशी पिवळ्या कापसाचं पोतं डोक्यावर घेऊन निघाली होती. मामानं तिला बघितलं, हातातला कापूस खाली ठेवला, आणि हात जोडून म्हणाला, "जयभीम, रुखमाबाई. तुमी अठी कशा?"

मला आधी वाटलं, शेतावरची ओळख असेल. मग मामा माझ्याकडे वळला. "ताई, तुले मालूम नाही? राजदीपची माय होय हे. आपल्या प्राचीची सासू."

तुझ्या लग्नाला मामा गेला होता, तेही मला कालच कळलं. मामानं भाचीच्या पाठीशी उभं राहायचं असतं, म्हणून गेलतो, म्हणाला. अडीच वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवला आणि बोलला नाही. त्यालाही माझी भीती वाटत होती, प्राची. सगळ्यांनाच वाटते का?

रुखमाबाईंनी पोतं खाली ठेवलं. त्याच बोलल्या. "तुमच्या चिठ्ठ्या येतात. सांजच्याले प्राची मोठ्यानं वाचते, मले वाचता येत नाही ना. कापूस मिसळला हे आयकलं, त म्हटलं, सरकी काढाच्या जिनात माहे तीस साल गेले, जाऊन येतो. मले जाऊ नोका म्हनून सांगतलं होतं तिनं, म्याच आली."

मोठ्यानं वाचतेस. सगळं? ती मांडणी, ते "त्या लोकांच्या घरी"? सगळंच वाचलं असणार, लहानपणापासून तुला अर्धं वाचायची सवय नाही.

मी म्हटलं, बसा ना. त्या म्हणाल्या, गाडीची वेळ झाली. पोतं उचलून जाता जाता वळल्या आणि म्हणाल्या, "कप खिडकीत ठेवला."

प्राची, मी त्यांना सांगितलं नव्हतं तो कप कुठे असतो. पहिल्या दिवशी त्यांनी तो धुतला आणि सरळ खिडकीत नेऊन पालथा घातला. मी बघितलंसुद्धा आणि मला काही वाटलं नाही. त्यांना माहीत होतं तो कप कोणासाठी आहे. तरी पाच दिवस त्यांनी माझ्या घरात बसून, त्या कपातून चहा पिऊन, माझ्या हाताची घाण निस्तरली. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. विधवा झाल्यापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही, ते मला इतकं लागलं होतं की गेल्या वर्षी मी दार लावून बसले होते. आणि माझ्या खिडकीत तो कप होता.

आता दाराचं सांगते. रुखमाबाईंनी विचारलं होतं, पोरगी न्यायला आली होती का. सांगते.

बाबा गेले तेव्हा तू गल्लीत येऊन उभी राहिलीस आणि मी मान वर केली नाही, ते तुला माहीतच आहे. त्यानंतर गेल्या संक्रांतीच्या आधी तू आलीस. मैनाबाईनं तुला सांगितलं, काकू वणीला गेल्या, त्यांच्या मामीकडे. मी वणीला गेले नव्हते. मीच तिला तसं सांगायला लावलं. मी घरात होते, पुढच्या खोलीत, कापसाच्या ढिगामागे, भिंतीला पाठ लावून. तू ओट्यावर बसलीस. मैनाबाईनं तुला पाणी दिलं. तू तिला माझे गुडघे कसे आहेत विचारलंस. मला शिंक येत होती, मी तोंडात पदर धरला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. तू एक तास दहा मिनिटं बसलीस. मग ओट्यावर डबा ठेवून गेलीस.

मी स्वतःला सांगितलं, घर कापसानं भरलं आहे, बसवणार कुठे होते तिला. वर्षभर हेच सांगत आले. खरं ते नव्हतं. दार उघडलं असतं तर मी रडले असते, आणि मग एवढे दिवस धरलेला राग खोटा होता हे तुला कळलं असतं. मला तू हवी होतीस, प्राची. रोज हवी होतीस. डोळे मिटले की मला दूध नाही आठवत, तू ओट्यावर बसलेली दिसतेस, म्हणून मला बसवत नव्हतं.

मैनाबाईलाही मी खोटं बोलायला लावलं, म्हणूनच डब्याला हात लावला तेव्हा तिच्यावर ओरडले. आज तिची माफी मागितली. ती म्हणाली, "म्या त तवाच विसरली." विसरलेली नाही.

आई


दारव्हा, १६ जानेवारी २००७

चि. सौ. प्राचीस अनेक आशीर्वाद.

हो, सौ. लिहिलं आहे. नीट वाच.

इथून पुढचं मोठ्यानं वाच.

रुखमाबाई, विहीणबाई म्हणायचा मला हक्क आहे की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या घराबद्दल मी जे लिहिलं ते न बघता लिहिलं, आणि बघून लिहिलं असतं तरी वाईटच होतं. मला क्षमा करा. तो कप मी फोडणार होते. हातात घेतला तेव्हा वाटलं, फोडून मी एका मिनिटात मोकळी होईन. म्हणून ठेवला आहे. सकाळचा माझा चहा मी आता त्यातच घेते. त्याचा टवका उडालेला आहे ना, तो ओठाला लागतो. वीस वर्षं बायका त्यातून चहा प्यायल्या, एकीनंही मला सांगितलं नाही की तो लागतो. कशा सांगतील?

तुम्ही नेलं ते पोतं ज्याचं होतं त्याच्याच घरी गेलं, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं. त्याची गादी करा, उशी करा, काहीही करा.

आता प्राची, एकटीनं वाचलंस तरी चालेल.

घर रिकामं झालं आहे. मामा परवा शेवटचा कापूस घेऊन गेला, माल चांगल्या दर्जात लागला. जाताना "ताई, येतो," म्हणाला, म्हणजे बोलतो आता. पुढची खोली मी धुतली. बाबांची खुर्ची खिडकीशी ठेवली आहे आणि तिच्यावर त्यांचा चष्मा. तो काढणार नाही. मोनालीला सांगून टाकलं, तिनं चालेल म्हटलं.

काल कपाटावरून तो डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, उलथन्यानं उघडावं लागलं. तुझे तिळाचे लाडू. अकरा होते. वर्षभरात दगड झाले आहेत, खवट वास येतो. एक खाल्ला. दाढ दुखते आहे अजून, पण गूळ तू बरोबर घेतला होतास, चिकीचाच.

रिकामा डबा परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. काल संध्याकाळी नवे लाडू केले, तो भरून ठेवला आहे. शुक्रवारी सकाळच्या यवतमाळ गाडीनं निघते, तिथे राळेगावची बदलते. दुपारी बारापर्यंत तुमच्या दारात असेन. पत्ता मामाकडून घेतला आहे.

तू दार उघडलंच पाहिजेस असं नाही. शेजारणीला सांग, राळेगावात नाही म्हणून. मी समजेन. ओटा असेलच, त्यावर बसेन. कोणीतरी पाणी देईल. मोनालीला विचार हवं तर, काल सगळ्या बायका उठून गेल्या तरी मी बसून होते, नाकावर माशी बसली तरी हात हलवला नाही. तू एक तास दहा मिनिटं बसली होतीस. तेवढं तर मी बसेनच. त्याच्या पुढेही बसेन, शेवटच्या गाडीपर्यंत, आणि ती गाडी गेली तर दुसऱ्या दिवशीच्या.

तुझी,
आई